सात नंबरचा दिवा

"बिघाड काही नाही हो मावशी," स्टुलावर चढलेला वायरमन म्हणाला. "खोलीत कुणी हललं की दिवा लागतो, हालचाल थांबली की विझतो. आजोबा हलतच नाहीत, त्याला बिचारा दिवा काय करणार?"

वृद्धाश्रमाने वर्षभरात पुष्कळ काही केलं होतं. गच्चीवर सौर पॅनल, मागे ओल्या कचऱ्याचं खत, ऊन अडवायला जाड पडदे आणि खोल्याखोल्यांतून हे आपोआप विझणारे दिवे. वीज वाचत होती, चांगलंच होतं. फक्त सात नंबरची खोली सुरुवातीला कुणाला जुमानत नव्हती. तिथला दिवा दिवसभर आपला चालूच. वायरमनने दोनदा सेन्सर बदलला, बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली. शेवटी खोल्यांची देखभाल करणाऱ्या मावशीने त्याला दाराशी नेऊन दाखवलं. तिथल्या आजी-आजोबा दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं, ती दोघं हातांनी बोलायची. आजी एकदा सुरू झाली की आवरायची नाही. आजोबा मध्येच 'पुरे गं बाई' अशी खूण करायचे, की ती दुप्पट बोलायची. दिवा विझणार कसा?

गेल्या महिन्यात आजी गेली. तेव्हापासून आजोबा कुणाशी बोलले नव्हते. मावशीला त्यांच्या खुणा मोडक्यातोडक्या येत. पण तिने हात उचलले की ते डोळे मिटून घेत. जेवण दोन घासांवर आलं होतं. त्यांना बोलतं करा, नाहीतर हा माणूस फार दिवस काढणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"ते काही नाही, तू साधं बटण बसव," मावशी म्हणाली. "भरदुपारी अंधारात बसतात, माझ्याच्याने बघवत नाही. पूर्वी वीज गेली की दोघं एकमेकांच्या तळहातावर बोटांनी बोलायची. मी हात धरायला गेले, तर झटकून टाकला." तिने डोळ्याला पदर लावला आणि बटण शोधायला कोठीत गेली.

वायरमन खाली उतरला आणि आजोबांच्या शेजारच्या खुर्चीत टेकला. ही आजीची खुर्ची, हे बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं. आता लगेच उठणंही बरं दिसेना. अवघडून तो तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने दिवा विझला.

अंधारात एक हात अगदी सावकाश चाचपडत आला; एवढ्याशा हालचालीला दिवा लागत नव्हता. त्याने वायरमनचा हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, मूठ उघडली, आणि तळहातावर बोटं चालू लागली. आधी हळूहळू, मग भराभर. मध्येच थांबत, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. वायरमनला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. मनगटावर टपकन पाणी पडलं. दिवा लागेल म्हणून नाक पुसायलाही त्याने दुसरा हात उचलला नाही.

बाहेर मावशीच्या चपला वाजल्या. "सापडलं रे बाबा बटण!"

"आत येऊ नका, मावशी!" वायरमन जागचा न हलता मोठ्याने ओरडला. "आजोबा बोलतायत."