गुलाबी साबण

"नलीला साबन लाव थोडा, नि दे सोडून," हरेश म्हणाला. "पाचला नवरीला हॉलवर न्यायचंय."

शिवाने बॉनेटखालून डोकं वर काढलं. समोर बहिणीचा नवरा उभा. डोक्याला फेटा, बोटांत पेटलेली सिगारेट.

"आधी ती सिगारेट विझवा, दाजी. इथं नाय! तिकडं, रस्त्यापल्याड!"

हरेश कुरकुरत गेला आणि विझवून आला. करंजाडे गावाच्या कडेचं हे गॅरेज शिवाचं, आणि ही तीस वर्षांची पांढरी गाडी हरेशच्या वडिलांची, गावात आलेली पहिली. घरातली प्रत्येक नवरी हिच्यातूनच लग्नाला गेली. आज भाविकाची पाळी. बॉनेटवर झेंडूच्या माळा लावून झाल्या होत्या. त्यांच्या खाली पेट्रोलची रबरी नळी ठिबकत होती, तीसुद्धा सायलेन्सरच्या तापलेल्या पायपाजवळ.

"वास येत नव्हता तुमाला?"

"आठ दिस येतोय. आज फुलांचा वास हाय, कलनार नाय कुनाला."

शिवाचं डोकंच सटकलं. आठ दिवस! आणि हेच महाशय संध्याकाळी दारात गाडीपुढे पाच हजारांची फटाक्यांची माळ लावणार होते. आत बसणार भाविका, त्याची एकुलती एक भाची. तिचा हात धरून तिला मांडवात नेणारा मामा तो.

"सरणावर बसवा पोरीला! वर हारतुरे घाला!"

"लग्नाच्या दिवशी असलं बोलू नको, शिवा!"

"मग काय बोलू? दुसरी गाडी बघा."

"बापाची गाडी हाय. दुसरी चालनार नाय. तुझी बहीनच रडून घर डोक्यावर घेईल."

शिवाने दात-ओठ खात गाडी पत्र्याच्या शेडमधून बाहेर, उघड्यावर ढकलायला लावली. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. वाळूची बादली आणून चाकाशी आदळली. दोघांचे मोबाइल ऑफिसात ठेवले. मग स्टुलावर बसला.

"बसलास काय?"

"इंजिन थंड होऊ द्या."

"एक वाजून गेला!"

"वाजू द्या."

अर्ध्या तासाने त्याने हात घातला. नळीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधलेली होती. ब्लेडने ती कापली तशी आतून गुलाबी साबणाची खपली निघाली. चिकट, पेट्रोल पिऊन मऊ झालेली. शिवा भडकलाच.

"कुठल्या गाढवानं लावला हा साबन? पेट्रोलच्या नळीला साबन? नाव सांगा त्याचं! आज त्याच्या गॅरेजला टाळं नाय लावलं तर बघा!"



"तूच लावलास," हरेश म्हणाला. "गेल्या गनपतीत. आमाला घाई व्हती. 'आठवडाभर बिनघोर चालवा, मग नवी नली टाकतो' बोल्लास. मी इसरलो. तूबी इसरलास."

शिवाने हातातली पट्टी उलटीपालटी केली. दुहेरी पीळ, टोक आत खोचलेलं. अशी गाठ त्याचीच. पाना हातात होता, पण फेकून मारायला समोर कुणी उरलं नव्हतं.

पाना खाली ठेवून तो कामाला लागला. पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल केलं. नळी चिमट्याने दाबून सोडवली, आतलं पेट्रोल पत्र्याच्या डब्यात घेतलं आणि झाकण लावून डबा लांब नेऊन ठेवला. हरेशने मदत म्हणून कोपऱ्यातली पाण्याची नळी पुढे केली. "ही बसेल की."

"पेट्रोल खातं हिला. महिन्यात चिरेल." स्कूटर काढून शिवा पनवेलला एसटी स्टँडजवळच्या दुकानात गेला आणि पेट्रोलचीच नळी घेऊन आला, नव्या क्लिपांसकट. कुठं घासणार नाही, गरम पायपाला टेकणार नाही अशी बसवली. दोन्ही टोकं आवळली, हाताने ओढून बघितली. बॅटरी जोडली. जोडाखाली कोरा कागद धरून हरेशला इंजिन चालू करायला लावलं. दहा मिनिटं रेस देऊनही कागद कोरडा राहिला. इंजिन बंद करून त्याने आणखी एक कोरा कागद धरला. तोही कोरडा.

"झालं ना? चल, हात धू लवकर," हरेश म्हणाला.

नळाच्या कट्ट्यावर तोच गुलाबी साबण पडला होता. मधोमध पन्हळ पडलेली. आजवर किती गाड्यांच्या नळ्या त्याच्यावर घासल्या, देव जाणे. शिवाने तो उचलला आणि सगळ्या ताकदीने रस्त्यापलीकडच्या गटारात भिरकावला. मग नुसत्या पाण्याने कातडं लाल होईस्तोवर हात चोळले.

पाच वाजता दारात गाडी उभी राहिली. फटाक्यांची माळ गाडीपासून लांब, पार नाक्यावर नेऊन ठेवायला लावली होती शिवाने, आणि त्यावरून पुन्हा एकदा हरेशशी कडाकडा भांडला होता. आता तो भाविकाशेजारी मागच्या सीटवर बसला. तिने त्याचा हात हातात घेतला आणि नाक मुरडलं.

"मामा, तुमच्या हाताला पेट्रोलचा वास येतोय."

"येऊ दे. गाडीत येतोय?"

तिने जोरात श्वास ओढून बघितला. "नाही."

नाक्यावर कुणीतरी काडी लावली. शेवटचा फटाका वाजून धूर विरेपर्यंत शिवाने तिचा हात सोडला नाही.