दोनशे बारा हिरव्या खुणा

आमच्या कंपालाच्या ऑफिसात दोन टूल्सपैकी एक निवडायचं होतं. दोन्हींचं काम एकच: सर्व्हरला प्रश्न पाठवायचे, उत्तर बरोबर आलं तर हिरवी खूण, नाहीतर लाल. सोमवारपासून आणखी नऊ हॉस्पिटलं रक्ताची मागणी याच सर्व्हरवर नोंदवणार होती.

टीमची प्रमुख नाकिमुली हिने दोन्ही टूल्स एकदम चालवली. नव्यावर सगळं लालेलाल. जुन्यावर दोनशे बारा हिरव्या खुणा.

"बघा बाईसाहेब," तपासणीचं काम बघणारा ओकेलो हसला. "तुमच्या नव्या सुनेला चूलसुद्धा पेटवता येईना! आमची जुनी दोन वर्षांत एकदाही चुकली नाही."

"त्याचंच मला नवल वाटत होतं," म्हणत नाकिमुलीने टेबलाखालचा हात वर काढला. हातात सर्व्हरची वायर होती. "सर्व्हर मी मघाशीच बंद केलाय. मग ही उत्तरं देतंय कोण?"



"मी," ओकेलो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी लाईट सारखी जायची, सर्व्हर बंद पडायचा. काम अडू नये म्हणून मीच सर्व्हरची जुनी उत्तरं टूलमध्ये भरून ठेवली होती. काढायची राहून गेली."