फिल्टरमधली टकटक

"आत कोण आहे?"

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून मी बाबांनी लिलावात घेतलेल्या लष्कराच्या जुन्या ट्रकवरच्या बंद जनरेटरला विचारलं. बॅटरीला शिव्या घालून बाबांनी हात टेकले होते. उद्या ट्रक भंगारात जाणार होता.

डिझेल फिल्टरच्या आतून टकटक झाली. मैत्रिणी धूम पळाल्या!

मी मात्र टकटक झाली तिथलाच स्क्रू सैल करून फिल्टरवरचा छोटा हातपंप मारला. अडकलेली हवा फसफसत निघाली, मग नुसतं डिझेल आलं. स्क्रू आवळून स्टार्टर दाबला. इंजिन धडधडलं, दिवे लखलखले!

"शाब्बास गं पोरी!" आईबाबा धावत आले. "आता बंद कर."

मी इंजिन बंद करून त्याला दोनदा थोपटलं. आतूनही दोनदा टकटक झाली.

आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"ट्रक विकायचा नाही," मी जनरेटरवर हात ठेवून जाहीर केलं. "आम्ही दोघं चालवू."