शीव चाललेला माणूस

पहिला दगड आला तेव्हा सूर्य बाभळीच्या शेंड्यावर वीतभर उरला होता.

दगड कुडात घुसला आणि आतल्या बाजूला माती सांडली. तानुबाईनं नवऱ्याला खाटेखाली ढकललं. कवडू मुकाट्यानं आत सरकला. चौदा दिवस झाले, तो कशालाच नाही म्हणत नव्हता.

चौदा दिवसांपूर्वी तो डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन वर्धा नदीच्या पात्रातून चालला होता. आगगाडीचा पूल तिथं व्हायचा होता. अलीकडे चिंचपूर, म्हणजे निजामाचं वऱ्हाड. पलीकडे आंबोडा, म्हणजे नागपूरचा मुलूख. आणि मधे, नदीनं धार बदलल्यावर उघडं पडलेलं बेट. दोन्हीकडचे साहेब दुर्बिणी आणि साखळ्या घेऊन आले, पण त्यांचे नकाशे जुळेनात. बेट ज्याचं, त्याच्या काठाला स्टेशन. कापसाला त्या वर्षी सोन्याचा भाव होता. शेवटी दोन्ही गावांनी जुनी रीत पुढं केली: गावचा महार ढेकूळ घेऊन चालेल ती शीव. मात्र पंधराव्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत त्याच्या किंवा त्याच्या घरच्या कोणाच्या अंगातून रक्त निघालं, तर तो खोटा चालला. खोटी शीव चालणाऱ्याला त्याच शिवेत गाडायचं, हीही रीतच.

चिंचपूरचा कवडू बेटाच्या पलीकडून चालला. बेट चिंचपूरला आलं. तो तिकडून का चालला हे तानुबाईला ठाऊक होतं. आदल्या दिवशी चिंचपूरचा रामराव पाटील दारात उभा राहून, दम देऊन गेला होता.

शीव चालल्यापासून पाटलाची आठ माणसं झोपडीच्या राखणीला होती. कवडूच्या हातात कोणी विळा देईना. भाकर पाटलाच्या घरून यायची, वरून टाकलेली. "जपून चाल रे बावा," राखणदार हसायचे. "तुह्या पायात काटा मोडला तं आमचं ठेसन मोडलं."

आता बाहेर कोणी हसत नव्हतं. आंबोड्याची चाळीस माणसं गुडघाभर पाण्यातून उतरून आली होती. लाठीवर लाठी बसत होती. कोणाचं तरी हाड कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीसारखं मोडलं आणि तो माणूस बराच वेळ ओरडत राहिला. मग छपरावर काहीतरी धपकन पडलं. गवतातून धूर आत उतरू लागला.

"निंगा," तानुबाई म्हणाली.

"नाई. बाहेर मारतीन."

"आत जळसान."

तिनं त्याला खाटेखालून ओढलं, त्याच्यावर गोधडी टाकली, वरून स्वतः ओणवी झाली आणि त्याला तसंच दारातून बाहेर काढलं. दहा पावलं गेली असतील. अकरावं पाऊल टाकताना दगड तिच्या कपाळावर बसला. ती गुडघ्यावर आली. एक डोळा गरम रक्तानं मिटून गेला.

"रगत!" कोणीतरी किंचाळलं. "रगत निंगालं!"

लाठ्या जिथल्या तिथं थांबल्या.

पाहणीच्या तंबूतले कारकून कमलाकांतपंत कडुलिंबाखाली कागद धरून उभे होते. सूर्य बुडाला की त्यांनी निकाल लिहायचा, असं ठरलं होतं. आंबोड्याचा महादेवराव पाटील लाठी टेकत त्यांच्याकडे आला.

"लिहा, पंत. घरच्याचं रगत निंगालं. बेट आमचं."

"कोणाच्या घरचं?" रामराव म्हणाला. "हे बाई त्याची कोणीच नाई. भाकरी थापाले ठेवली होती."

"वा रे पाटील! भाकर तुह्या घरून येऊन राहिली, अन् थापाले बाई ह्याची?"

आंबोड्याची माणसं हसली. पंतांनी तानुबाईकडे पाहिलं.

"बाई, तूच सांग. हा तुझा कोण?"

कवडू गोधडीखाली तसाच बसला होता. त्याच्या मागं राखणीतला एक जण उभा होता. त्याच्या हातात कुऱ्हाड होती आणि डोळे पाटलाकडे होते. तानुबाईनं पदरानं डोळा पुसला.

"कोणी नाई," ती म्हणाली.

"मंग गळ्यात काळी पोत कोणाची?" महादेवरावनं विचारलं.

तिनं पोतीत बोटं घातली आणि हिसडा दिला. मणी धुळीत विखुरले.

"आता कोणाचीच नाई."

मागं छप्पर जळत होतं. पंतांनी डोळ्यांवर हात धरून मावळतीकडे पाहिलं. सूर्याची कड अजून उरली होती. त्यांनी लेखणी शाईत बुडवली.

कवडू उठला. गोधडी खाली पडली. तानुबाईला लागलेला दगड त्यानं उचलला आणि उलटासुलटा करून पाहिला.

"कवड्या," रामराव म्हणाला. "ठेव तो खाली. ठेव म्हणतो!" मग राखणदारांवर ओरडला, "पाहता काय? धरा त्याले!"

आठही जण पुढं धावले आणि हातभर अंतरावर थबकले. त्याला धरायचं तर त्याला हात लावावा लागला असता.

कवडूनं दगड स्वतःच्या कपाळात घातला. एकदा, मग पुन्हा. रक्त नाकाच्या दोन्ही बाजूंनी ओघळून मिशीत उतरलं.

"लिहा, पंत," तो म्हणाला. "हे माही बायको आहे. अन् मी खोटा चाललो."

मग तो तानुबाईजवळ येऊन बसला आणि धुळीतले मणी वेचू लागला. रामरावनं त्याच्यावरची नजर न काढता कुऱ्हाडीसाठी राखणदाराकडे हात पसरला.

"तुमच्या पायाखाली एक आहे," तानुबाई म्हणाली, आणि कवडूनं पाय बाजूला घेतला.