तेवढं मशीन लावत नाही

लग्नाच्या पंगतीत नेमके समोर केळुसकर मास्तर बसले होते, म्हणून भिकाजीला घास गिळवेना. तीस वर्षं त्याच्या वस्तऱ्याखाली असलेले ते गाल आज विजेच्या मशीननं गुळगुळीत झाले होते. सुट्टीवर आलेल्या मुलानं ती आणून दिल्यापासून महिनाभर मास्तर त्याच्या सलूनची पायरी चढले नव्हते.

"साबण नको, पाणी नको, शिवाय आगही होत नाही," शेजारी बसलेल्या मुलाकडे बघत मास्तर पाहुण्यांना सांगत होते. भिकाजीचा नुसता जळफळाट झाला.

हात धुताना त्यानं मास्तरांना गाठलं आणि "बघू तरी" म्हणत गालावरून उलटा हात फिरवला. कुठंच खुपेना. मेली मशीन! मनात शिव्या घालत त्यानं बोटं हनुवटीखाली नेली आणि ती थबकली. चामखिळीभोवतीचे केस तसेच होते.

"हे राहिलं की!" भिकाजी ओरडलाच. एवढा आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

"हळू बोल," मुलगा जवळपास नाही असं बघून मास्तर म्हणाले. "तिथं मी मशीन लावतच नाही. पोरगा शनिवारी जातोय. रविवारी पहिला नंबर माझा धर."