त्रेचाळिसावा थर

मॅमोग्राफी मशीनच्या पाटीखाली दाबल्यावर धुरपदाबाईंच्या स्तनाची जाडी बेचाळीस मिलिमीटर भरली. मिलिमीटरमागं एक थर, म्हणजे बेचाळीस चित्रं. त्यापुढं काही असायचं कारणच नव्हतं.

"आजी, श्वास धरा," म्हणताना मशीन चालवणाऱ्या समृद्धीनं सवयीनं स्वतःचाही श्वास धरला.

फोटो निघाले, पाटी वर गेली. सोनारी गावची ती म्हातारी पदर सारखा करत दाराशी उभी राहिली. समृद्धी खुर्चीत बसून पडद्यावर एकेक थर सरकवू लागली. अडतिसाव्या थरात रव्याच्या कणाएवढे पाच पांढरे ठिपके दिसले. ते कुठवर जातात हे बघायला ती पुढं गेली. बेचाळीस. त्रेचाळीस.

तिचं बोट थबकलं. तिनं माउसचं चाक उलटं फिरवलं, तरी आकडा वाढतच राहिला. पन्नास. साठ. ठिपके दर थराला मोठे होत होते.

"झालं का वं, बाई?"

समृद्धीला बोलायचं होतं, पण आवाज फुटेना. तिनं नुसता छातीवर हात ठेवला.

म्हातारी जवळ येऊन तिच्याकडं बघत राहिली. "म्या तर श्वास कवाच सोडला. तुमी का धरून बसलाव?"

श्वास सोडायला समृद्धीनं सगळा जोर लावला. खुर्चीत बसल्या जागी तिच्या छातीवरची न दिसणारी पाटी आणखी एक मिलिमीटर खाली आली.