पळीभर गंगाजल

या, अशा जवळ सरका. एका केसाळ जिवाची गोष्ट सांगते.

आमच्या ऋजुताने टॅरँट्युला पाळली आहे, तळहाताएवढी कोळीण. ती कात टाकायला उताणी झाली आणि पोरीचा जीव टांगणीला लागला. सकाळपासून काचेच्या पेटीजवळून हलेना. शेवटी मीच तिला आंघोळीला पिटाळलं आणि पोळ्यांकडे वळले.

तेवढ्यात आमचे हे कीर्तनाहून आले. बुवांनी भूतदयेवर निरूपण केलं होतं, यांचे डोळे अजून ओलेच. कोळीण उताणी दिसली आणि यांना वाटलं, चालली बिचारी. कुणाला विचारलंही नाही. पेटीचं झाकण काढून पळीभर गंगाजल तिच्या तोंडावर सोडलं, वर तुळशीचं पान ठेवलं.

"बाबा! ती मरत नाहीये, कात टाकतेय!" ऋजुता ओल्या केसांनीच धावली. "अंग लोण्यासारखं मऊ असतं आत्ता!" तिने हलकेच कापसाने पाणी टिपलं.

संध्याकाळी कोळीण कातीतून बाहेर आली, पण धडपडीत एक पाय आतच अडकून तुटला.

हे भिंतीकडे तोंड करून बसले. "दया करायला गेलो आणि पाय तोडला गं मी." ताट तसंच राहिलं.

ऋजुता शेजारी बसली. "पुढच्या कातीला नवा पाय फुटतो, बाबा. तेव्हा तुम्हीही बसा माझ्याजवळ. फक्त हात मांडीखाली दाबून."

हे हसले नाहीत, पण जेवायला उठले.

तर मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या लंगड्या कोळिणीची आठवण ठेवा, आणि तिच्या पायासाठी रोज माळ ओढणाऱ्या आमच्या यांचीही.